उर्फ वनमाला

एका शब्दानं माझे तीन महिने खाल्ले. शब्द कोणता, तर 'उर्फ'. अन् तो दुसऱ्या कोणी नाही, मीच लिहिला, माझ्या हातानं, शहाणपणा करून. म्हणून आधीच सांगून ठेवतो, पुढं मी ज्याले-त्याले शिव्या देईन, पण त्यातल्या निम्म्या मलेच लागू आहेत.

मी यज्ञेश्वर वैरागडे. रायपूरले पंडरीच्या कापड बाजारात आमच्या बँकेची शाखा आहे, तिथं कर्ज विभागात मले बावीस वर्षं झाली. दुकानांची कर्जं, ट्रकची कर्जं, घरांची कर्जं, सगळी करून झाली. सोलरचं कर्ज मात्र मी पहिल्यांदाच करून राहिलो होतो, अन् ते कोणाचं, तर वनमालावहिनीचं.

वनमाला गुलाबराव निखाडे, वय अठ्ठावन्न. पुरानी बस्तीत आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहते. माझी सख्खी वहिनी नाही. तिचा नवरा गुलाबभाऊ रेल्वेच्या वॅगन कारखान्यात फिटर होता, अन् माझे बाबा गेल्यावर माझी कॉलेजची फी त्यानं दोनदा भरली. मागं कधी बोलून नाही दाखवलं. म्हणून तो भाऊ अन् ती वहिनी. तीस वर्षांपासून ती पंडरीच्या दुकानांच्या साड्यांना फॉल-पिको करून देते. बोलणं कमी. 'हो' म्हणायचं असलं तर इथल्या लोकांसारखं नुसतं 'हव' म्हणते. अन् 'नाही' म्हणायचं असलं तर काहीच म्हणत नाही, मान खाली घालून मशीन चालवत राहते. ही दुसरी सवय मले लय महागात पडली.

आता जमिनीचं सांगतो. बावीस वर्षांपूर्वी गुलाबभाऊनं खरोऱ्याकडे अडीच एकर घेतले. स्वस्तात भेटले म्हणून खूश होता बिचारा. स्वस्त भेटणारच, तो भाठा होता. भाठा म्हणजे इकडची उंचावरची मुरमाड जमीन, पाणी टिकत नाही अन् नांगर लागत नाही. चारही बाजूंनी धान, अन् मधात हे टक्कल. भाऊनं तूर पेरून पाह्यली, लिंबं लावून पाह्यली, बोरं लावली. बोरंसुद्धा वाळली, बोला! शेजारच्या शेताचा भैय्यालाल त्याले दरवर्षी सांगे, "भाठा म काय होही, भैया?" म्हणजे भाठ्यात काय होणार. अन् आमची गल्ली विचारे, "काय गुलाबराव, यंदा गोट्यांचं पीक कसं आहे?" तोही हसे. पण रविवार आला की सायकलवर डबा बांधून भाठ्यावर जायेच. चार वर्षांपूर्वी तो गेला. भाठा जसाच्या तसा राह्यला.

अन् मग एक दिवस वहिनी पेपरातली जाहिरात कापून घेऊन माझ्या घरी आली. पडीक जमिनीवर सोलर प्लांट लावा, तयार होणारी वीज वीज कंपनी पंचवीस वर्षं विकत घेईल, अशी सरकारी योजना. जमीन कशी पायजे, तर उघडी, कडक, सावली नसलेली. मी वाचलं अन् मले हसूच आलं. म्हटलं, ही तर गुलाबभाऊच्या भाठ्याचीच कुंडली आहे!

वहिनीनं अर्ज केला. नंबर लागला. तिनं भाऊचा सगळा रिटायरमेंटचा पैसा आपला हिस्सा म्हणून काढून ठेवला, अनामत भरली, बाकी कर्जासाठी आमच्या बँकेत आली. अट एकच होती, पण ती गळ्याशी येणारी होती. एकतीस मार्चच्या आत कर्ज मंजूर झाल्याचं पत्र वीज कंपनीले दाखवा. नाही दाखवलं तर प्लांट रद्द, अनामत जप्त.

"वहिनी, या वयात कायले ही झंझट?" मी विचारलं. "पेन्शन आहे, फॉल-पिको आहे."

"त्या जमिनीवर लोक हसले भाऊजी," ती म्हणाली. "बावीस वर्षं हसले. मले तिथं काहीतरी होताना पाहाचं आहे."

इतकं लांब वाक्य मी तिच्या तोंडून आधी ऐकलं नव्हतं. म्हटलं, करू. माझ्या हातून नाही झालं तर मी कर्ज विभागात बसून काय माशा मारतो?

अन् इथून माझ्या डोक्याची मंडई सुरू झाली.

पहिल्याच दिवशी कॉम्प्युटर अडला. जमीन खेड्यातली, म्हणून कर्ज शेतीच्या खात्यात, अन् शेतीच्या फॉर्ममध्ये रकाना: पीक कोणतं? रिकामा सोडला तर पुढं जात नाही. 'सूर्यप्रकाश' असं पीक त्यांच्या यादीत नाही. मी वैतागून 'धान' टाकलं. दहा दिवसांनी हेड ऑफिसचा प्रश्न आला, 'धान आणि सोलर प्लांट एकाच जमिनीवर कसे, खुलासा करा.' खुलासा केला. मग आमचे मॅनेजरसाहेब, माणूस चांगला, पण जन्मभर कापड दुकानांले कर्ज दिलेला. त्यांच्या मते कर्ज म्हणजे मागं गाठोडी दिसली पायजे. ते मले म्हणतात, "वैरागडे, बरसात में चार महीना क्या होगा? और रात को?" मी म्हटलं, सर, रात्री तर आपली दुकानंही बंद असतात. ते म्हणाले, "पर माल तो अंदर रहता है ना."

मग जमिनीची किंमत करणारा आला. भाठ्यावर उभा राह्यला, बुटानं एक गोटा उडवला, अन् लिहून दिलं: उत्पन्न शून्य, किंमत नाममात्र. अरे बाबा, उत्पन्न शून्य आहे म्हणूनच तर कर्ज मागून राहिलो न! मग हेड ऑफिस म्हणे, तारण पुरत नाही. मग म्हणे, बाई अठ्ठावन्नची आहे, बारा वर्षांचं कर्ज कसं झेपेल. मग म्हणे, पॅनल चोरीले गेले तर. एकेक प्रश्न दहा-दहा दिवसांनी येई. सगळे एकदम विचारले तर हेड ऑफिसच्या पोटात दुखते का काय, मले माहीत नाही. तिकडं मुंबईत बसून उंटावरून शेळ्या हाकायले काय जाते?

एक प्रश्न मात्र शहाणा होता, खोटं काहून बोलू. विजेचा भाव पंचवीस वर्षांसाठी बांधलेला अन् आमचं व्याज हलणारं. व्याज वाढलं अन् त्यात वीज कंपनीचं पेमेंट उशिरा आलं तर बाईनं हप्ता कुठून भरावा? यावर मी दोन रात्री जागलो अन् तीन हप्ते आधीच बाजूले ठेवायची सोय काढली. ती त्यांनी मुकाट्यानं मान्य केली. मले वाटलं, चला, सुटलो.

तेव्हा डिसेंबरच्या शेवटी बँकेच्या वकिलाचा अहवाल आला. जमीन वनमाला निखाडेच्या नावावर नाही. जमीन कोण्या कलावती निखाडेच्या नावावर आहे.

कपाळावर हात मारला मी. अर्ज, आधार, पॅन, पेन्शन सगळं वनमाला, अन् जमीन कलावती! अर्ज ऑनलाइन भरताना नुसता खसरा नंबर, म्हणजे जमिनीचा गट नंबर टाकला होता, नाव कोणी ताडून नाही पाह्यलं. गुलाबभाऊच्या कागदांचं गाठोडं वहिनीनं मले न उघडताच आणून दिलं होतं. मीही त्यातले स्टॅम्पपेपरवरचे कागद तेवढे वकिलाकडे धाडले अन् बाकीचा रफ कचरा टेबलाच्या खणात टाकला. संध्याकाळी तिच्या घरी गेलो.

"वहिनी, ही कलावती कोण?"

मशीन थांबली. वहिनीनं माझ्या हातातली रजिस्ट्रीची झेरॉक्स घेतली, चष्मा लावला अन् पहिलं पान दोनदा वाचलं.

"मी," ती म्हणाली. "माहेरचं नाव माझं."

आता तुम्ही मराठी घरातले असाल तर तुम्हाले सांगायची गरज नाही. लग्नात ताटात तांदूळ पसरतात, नवरदेव अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहिते, सगळे टाळ्या वाजवतात, पेढे वाटतात, अन् एक पोरगी सकाळी एका नावानं उठते अन् रात्री दुसऱ्या नावानं झोपते. आमच्या आईचं झालं, मावशांचं झालं, माझ्या बायकोचंही झालं. आम्हाले त्यात काही वाटत नाही.

वहिनीले वाटलं होतं. हे मले त्या दिवशी समजलं, सदतीस वर्षांनी.

"माझ्या आजीचं नाव होतं ते," ती म्हणाली. "भंडाऱ्याले आमच्या घरी सगळे मले कला म्हणत. यायनं ताटात वनमाला लिहिलं. मले कोणी विचारलं नाही. आठ दिवस मी त्या नावाले ओ दिली नाही. सासूले वाटलं, पोट्टी बहिरी आहे. मग यायले सांगतलं मी, मले माझं नाव पायजे. हे हसले. म्हणे, आता तांदूळ शिजवून खाल्ले. मग मी पुन्हा बोलली नाही त्याच्यावर."

"अन् जमीन?"

"मले माहीत नव्हतं." तिनं त्या नावावर बोट ठेवलं. "तुझ्या नावानं घेतली, इतकंच म्हणत हे. कोणतं नाव, ते यायनं कधी सांगतलं नाही."

मले गलबलून आलं, पण मी बँकेचा माणूस. माझ्या डोक्यात एकतीस मार्च. मी म्हटलं, सोपं आहे, मी नोट लिहितो. अन् ऑफिसात जाऊन मराठी डोक्यानं 'कलावती उर्फ वनमाला' असा विचार केला अन् इंग्रजीत 'एलियस' टाइप केलं. सबमिट.

झालं! आमच्याकडं उर्फ म्हणजे काय, लग्नपत्रिकेत छापतात, मयताच्या जाहिरातीत छापतात. पण हेड ऑफिसच्या कॉम्प्युटरले 'एलियस' म्हणजे चोर, दरोडेखोर, फरार इसम. फाईल लाल झाली. 'संशयास्पद ओळख'. सरळ तेलीबांधाले, आमच्या रिजनल ऑफिसच्या लीगल डिपार्टमेंटात. चोर सोडून संन्याशाले फाशी म्हणतात ते हेच. गल्लीत कोणाच्या दारचं फूल न तोडलेली बाई, तिले मी माझ्या दोन बोटांनी ठग करून ठेवलं.

लीगलले सोनिया मॅडम होत्या. तरुण पोरगी, रायपूरच्याच मराठी घरातली, मराठी सगळी समजते पण बोलते हिंदीच. मी फोनवर मराठीत भांडलो, तिनं हिंदीत समजावलं. तिचा थेट नंबर मी हाताशी आलेल्या एका रफ कागदाच्या पाठीवर लिहून घेतला. ती म्हणाली, "सर, मैं तो समझती हूँ. मेरी आई का भी नाम बदला था. पर ऊपर वाले नहीं समझ रहे."

वरच्यांचं पुढचं पत्र वाचून मले ऑफिसात उभ्यानं घाम फुटला. लिहिलं होतं, कलावती ही मयताची दुसरी पत्नी असण्याची शक्यता नाकारता येत नाही. तरी वनमाला निखाडे यांनी असे शपथपत्र द्यावे, की मयत पतीस कलावती नावाची अन्य पत्नी नव्हती.

हे वहिनीले कोण सांगणार? मीच. दुसरं कोण आहे?

सांगतलं. वहिनी उभी राह्यली. तीस वर्षांत तिचा आवाज गल्लीनं ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला.

"माझ्या माणसाले सवत चिकटवता? मेल्यावर? तो पगाराचं पाकीट न फोडता माझ्या हातात देणारा माणूस! अन् सवत कोण, तर मीच? मी लिहून देऊ, की मी नव्हती?"

"वहिनी, नुसता कागद आहे..."

"आग लागो तुमच्या कागदाले!"

मी खाली मान घालून ऐकलं. ती थंड झाल्यावर म्हटलं, दुसरा रस्ता आहे. रजिस्ट्री ऑफिसात दुरुस्तीपत्र करून घेऊ. लिहायचं, की जमीन घेताना नाव चुकीनं कलावती लागलं, बरोबर नाव वनमाला. पंधरा दिवसांत होते, फेब्रुवारीतच मोकळे होऊ.

ती खुर्चीवर बसली, साडी ओढली, मान खाली घातली अन् मशीन सुरू केली.

तेव्हाच मले समजलं, घोडं अडलं.

तीन दिवस मी रोज गेलो. तीन दिवस मशीन चालू. चौथ्या दिवशी मी पण चिडलो. "वहिनी, येड्यावाणी करू नका. अनामत जाईल, प्लांट जाईल. गुलाबभाऊच्या जमिनीसाठी हे सगळं करून राहिलो, अन् तुम्ही एका नावासाठी मातीत घालता?"

"चुकीनं लागलं, असं लिहून देऊ?" तिनं विचारलं. "यायची चूक होती, असं? चूक झाली ती तांदळात झाली भाऊजी. इथं नाही झाली."

"तुम्हाले काय माहीत? कारकुनानं कुठला जुना कागद पाहून लिहून टाकलं असंन. गुलाबभाऊले पत्ताही नसंन."

हे मी बोलायले नको होतं. तिचा चेहरा एकदम उतरला. कारण हाच प्रश्न ती स्वतःले रोज विचारून राहिली होती, हे मले तेव्हा दिसलं. भाऊनं समजून-उमजून केलं, का कारकुनाच्या लहरीनं झालं? सांगणारा तर गेला.

"असंन," ती हळू म्हणाली. "पण मले नाही लिहायचं."

घरी येऊन मी मंजिरीसमोर, म्हणजे माझ्या बायकोसमोर, तणतणलो. नावात काय आहे म्हणे, एवढ्याशा गोष्टीसाठी बाई हट्टाले पेटली. मंजिरी भाजी निवडत होती. म्हणाली, "माझं नाव काय होतं, सांगा बरं."

मी तोंड उघडलं. अन् देवाशपथ सांगतो, दोन-तीन सेकंद गेले. मग आठवलं. शर्मिष्ठा.

"उशीर लागला," ती म्हणाली अन् भाजी घेऊन आत गेली. त्या रात्री माझ्याशी नीट बोलली नाही.

मग मी वहिनीच्या बाजूनं लागलो. सोनिया मॅडमनं एक वाट सांगतली होती: असा एक जुना कागद आणा, ज्यावर दोन्ही नावं एकत्र आहेत. आम्ही तिचं घर पालथं घातलं. लग्नपत्रिका सापडली, तिच्यात कलावती. लग्नाचा फोटो सापडला, त्यात तांदळाचं ताट अन् त्यात वाकडंतिकडं 'वनमाला', बाजूले रडवेली नवरी. मग माळ्यावरून पाण्याचा पितळी गुंड निघाला. त्याच्या काठावर कोरलेलं होतं: 'चि. गुलाबराव व चि. सौ. कां. कलावती यांस मामाकडून सप्रेम भेट, १९८८.'

वीस मार्चले मी तो गुंड ऑटोत मांडीवर घेऊन तेलीबांधाले गेलो. लिफ्टमध्ये लोक पाहून राहिले होते. सोनिया मॅडमच्या टेबलावर ठेवला, धाडकन आवाज झाला. म्हटलं, "घ्या मॅडम, हा तुमचा दस्तऐवज. फोडून स्कॅन करा नाही तर वितळवून करा."

पोरगी हसली नाही, हे तिचं मोठेपण. तिनं गुंडावरचा मजकूर बोट फिरवत वाचला, फोटो पाह्यला. मग म्हणाली, "सर, इसमें एक नाम है, उसमें दूसरा. दोनों साथ में कहाँ हैं? मैं क्या लिखूँ?"

गुंड घेऊन परत आलो. येताना ऑटोवाल्यानं विचारलं, "कितने का पड़ा, भैया?" मी त्याले काय सांगतलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सव्वीस मार्च. पाच दिवस उरले. मी हात टेकले. ठरवलं, सोनिया मॅडमले शेवटचा फोन करू, अन् मग वहिनीच्या पाया पडून दुरुस्तीपत्र करून घेऊ. नंबर कुठं लिहिला होता? खण उघडला, रफ कागद काढला. नंबर लावला, रिंग वाजून राहिली होती अन् मी उगाच तो कागद उलटा केला.

रेघांचा कागद. वहीतून फाडलेला. त्यावर निळ्या पेनानं, गुलाबभाऊच्या ठळक, फिटरच्या अक्षरात, रजिस्ट्रीचा कच्चा मसुदा लिहिला होता. दस्तऐवज लिहिणाऱ्याले समजावं म्हणून हिंदीत. 'क्रेता – श्रीमती वनमाला पति गुलाबराव निखाडे.' त्यातल्या 'वनमाला'वर दोन रेघा मारलेल्या. वर लिहिलं होतं, 'कलावती'. अन् बाजूच्या कोऱ्या जागेत, त्याच्या मोडक्या हिंदीत:

'लेखक साहब, असल नाम कलावती है. शादी में मैंने बदलाया था. रजिस्ट्री में असल नाम ही डालना.'

खाली सही. त्याच्याखाली दस्तऐवज लिहिणाऱ्याचा गोल शिक्का अन् बावीस वर्षांपूर्वीची तारीख.

तिकडून फोनवर सोनिया मॅडम "हॅलो, हॅलो" करून राहिल्या होत्या. तीन महिने! तीन महिने हा कागद माझ्या खणात, माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर पडून होता, अन् मी त्याच्या पाठीवर फोन नंबर लिहिले होते. माझ्यासारखा गाढव पंडरीत दुसरा सापडणार नाही. मी फोनवर तो सगळा वाचून दाखवला. तशी ती पोरगी पहिल्यांदा माझ्याशी मराठीत बोलली. म्हणाली, "काका, घेऊन या. लगेच."

पण मी आधी पुरानी बस्तीत गेलो. वहिनी मशीनवर होती. मी कागद पुढं ठेवला. तिनं वाचला. मग 'मैंने बदलाया था' यावर बोट ठेवून थांबली.

"हिंदी कधी नाही आली यायले," ती म्हणाली, अन् पदर डोळ्यांले लावून रडायले लागली. मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

पुढचं झपाट्यानं झालं. सोनिया मॅडमनं 'एलियस' काढून 'विवाहापूर्वीचे नाव' लिहिलं, सोबत हा कागद लावला, अन् तो येडा कॉम्प्युटर एका दिवसात हिरवा झाला. एवढंच पायजे होतं! हे दोन शब्द मले जानेवारीत सुचले असते तर त्या बाईले सवतीचं बोलणं ऐकावं लागलं नसतं. एकोणतीसले मंजुरीचं पत्र निघालं, तीसले वीज कंपनीत जमा झालं. भाठ्यावर प्लांट होणार, हे पक्कं झालं.

सह्या करायले वहिनी शाखेत आली. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी शेवटचा गोटा मारला. त्या रफ कागदाची मूळ प्रत बँकेत जमा करावी लागेल, झेरॉक्स चालणार नाही. हेड ऑफिसची अट. कर्ज फिटेपर्यंत कागद तिजोरीत राहील.

मी भडकलोच. "सर, त्या कागदावर तिच्या नवऱ्याचं..." पण वहिनीनं हात करून मले थांबवलं.

"किती वर्षं?" तिनं विचारलं.

"बारा," मी म्हटलं.

तिनं बोटांवर मोजलं नाही, काही नाही. पर्समधून कागद काढला, पुन्हा एकदा उघडून वाचला, घडी घातली.

"सत्तरची होईन," ती म्हणाली. "एकही हप्ता चुकवणार नाही. मग येऊन घेऊन जाईन. तोवर नीट ठेवजा भाऊजी, पाठीवर काही लिहू नका आता."

"पावती देतो," मी म्हटलं. पावतीपुस्तक ओढलं, अन् तीस वर्षांच्या सवयीनं लिहिलं: 'श्रीमती वनमाला गुलाबराव निखाडे यांचेकडून'. वहिनीनं पावती पाह्यली. बोटानं ती माझ्याकडं परत सरकवली.

मी 'वनमाला'वर दोन रेघा मारल्या अन् वर 'कलावती' लिहिलं.